विजेची करवत आणि शाळेचे अंगण

प्राथमिक शाळेचा आणि विजेवर चालणाऱ्या करवतीचा संबंध तो काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात यावा. परंतु थोडा विचार केला असता हा संबंध दूरचा नाही, असे दिसून येते. शाळा उघडण्याच्या सुमारास मोडकी बाके दुरुस्त होतात, पावसाने फुगलेली दारे तासली जातात, स्नेहसंमेलनासाठी फळ्यांचा मंच उभा राहतो. या कामांसाठी गावचा सुतार शाळेत येतो. पूर्वी त्याच्या खांद्यावर वाकस आणि हातकरवत असे. आज त्याच्या पिशवीत विजेची करवत असते. व्हरांड्यातील खटक्याला तार जोडली जाते, पाते घोंघावू लागते आणि क्षणार्धात पाचपन्नास मुलांचे कडे त्या आवाजाभोवती जमते. मुलांच्या कुतूहलात काही वावगे नाही, पण त्या कड्याच्या मध्यभागी काय फिरत आहे याची जाणीव तेथे असणाऱ्या निदान एका प्रौढ व्यक्तीस तरी पक्की असावयास हवी. ती व्यक्ती म्हणजे शाळेचा शिक्षक होय.

दुसरेही एक कारण आहे. हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने तो देशापुढे ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली असून, त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात काम पाहावे व शिकावे, असे सुचविले आहे. सुताराकडे मुले जाणार म्हणजे ती त्याच्या यंत्राजवळ जाणार, हे ओघानेच आले. तेव्हा त्या यंत्राचे ज्ञान शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

यंत्राची ओळख

हाती धरून चालविण्याच्या गोल करवतीचा उगम उसाच्या शेताशी जोडला जातो. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात मजूर कोयत्याने ऊस तोडीत असलेले पाहून एडमंड मिशेल या कारागिराला कोयत्यास मोटार जोडण्याची कल्पना सुचली, आणि त्या प्रयत्नांतून १९२४ च्या सुमारास हाती धरण्याची विजेची करवत बाजारात आली, असे सांगतात. ऊसतोडीचे श्रम ज्यांनी पाहिले आहेत, अशा आपल्याकडील शिक्षकांना ही हकीकत मुलांना सांगण्यास निश्चित आवडेल.

या करवतीचे मुख्य भाग पाच. मोटार, वर्तुळाकार पाते, लाकडावर टेकणारी सपाट पट्टी, धरण्याच्या मुठी आणि पात्यावरील झाकण. झाकणाचे पुन्हा दोन भाग असतात. वरचा अर्धा भाग पक्का असतो. खालचा भाग स्प्रिंगवर हलतो. करवत लाकडात शिरू लागली की तो मागे सरकतो आणि करवत लाकडातून बाहेर आली की आपोआप पात्यावर येऊन बसतो. या खालच्या झाकणासच सुतार गार्ड म्हणतात. संपूर्ण यंत्रात माणसाच्या बोटांचा विचार करून घडविलेला मुख्य भाग हाच आहे, आणि घाईच्या वेळी तारेने बांधून वा पाचर मारून निकामी केला जातो तोही हाच.

वेगाचे गणित

पाते धोक्याचे आहे हे सांगून मुलांना पटत नाही, मोजून दाखविले तर पटते. मध्यम आकाराच्या करवतीचे पाते सुमारे १८४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि मिनिटाला साधारण ५,००० फेरे घेते. सातवीच्या विद्यार्थ्याला परीघ काढता येतो. १८४ ला २२ ने गुणून ७ ने भागले की परीघ सुमारे ५७८ मिलिमीटर येतो. ५,००० फेऱ्यांत पात्याचा एक दाता २,८९० मीटर धावतो. म्हणजे त्याचा वेग ताशी सुमारे १७३ किलोमीटर झाला. पात्यास २४ दाते असल्यास एका सेकंदात एका जागेवरून २,००० दाते पुढे जातात.

आता वर्गात एक प्रयोग करावा. एका मुलाने अंगठा व तर्जनी यांत थोडे अंतर ठेवून हात टेबलाच्या कडेवर टेकवावा. दुसऱ्याने त्या दोन बोटांमध्ये तीस सेंटिमीटरची फूटपट्टी उभी धरून, शून्याची खूण बोटांच्या पातळीत ठेवावी आणि न सांगता ती सोडावी. पहिल्याने ती पकडावी. पट्टी बहुधा १५ ते २५ सेंटिमीटर घसरल्यावरच हाती येते. वस्तूला २० सेंटिमीटर पडण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. डोळ्याने पाहिले, मेंदूस कळले आणि बोटे मिटली, एवढ्याला इतका काळ गेला. तेवढ्या काळात करवतीचे ४०० दाते निघून जातात. “हात पटकन मागे घेईन” असे म्हणणाऱ्याचे म्हणणे किती फोल आहे, हे या पट्टीने सिद्ध होते. बोटे वाचतात ती चपळाईने नव्हे, तर ती मुळातच पात्याच्या वाटेवर न ठेवल्याने. हा सिद्धान्त मुलांच्या मनावर ठसविण्यासाठी करवत वर्गात आणण्याची मुळीच गरज नाही.

खटका सोडल्यावर पाते तत्क्षणी थांबत नाही, हेही ध्यानी ठेवावे. मोटार बंद झाली तरी पाते काही सेकंद फिरतच राहते. आवाज मंदावला की धोका सरला असे समजून भुसा झाडण्यासाठी हात पुढे करणे, ही अपघातास उघड वाट होय.

करवत उसळते का?

विजेच्या करवतीचा सर्वांत अवचित अपघात म्हणजे तिचे मागे उसळणे. त्याचे कारण समजून घेतले तर उपाय आपोआप कळतो. हातकरवतीच्या या विजेरी रूपात पात्याचे पुढचे दाते खालून वर येत लाकूड कापतात. यामुळे लाकडाच्या वरच्या बाजूस सालपटे निघतात, म्हणूनच चांगली बाजू खाली ठेवून कापण्याची रीत आहे. आता दोन बाकांच्या टोकांवर फळी ठेवून ती मध्यभागी कापावयास घेतली असे समजा. चीर जसजशी पुढे जाते तसतशी फळी मधोमध खाली झुकते, चिरेची वरची तोंडे जवळ येतात आणि पाते चिमट्यात सापडते. पाते अडले, तरी मोटारीचा जोर थांबत नाही. तो जोर मग लाकडाला पुढे न ढकलता करवतीलाच मागे, म्हणजे चालविणाऱ्याच्या अंगावर फेकतो.

यावरून पुढील नियम निघतात. फळीचा ठेवावयाचा भाग चिरेच्या जवळच भक्कम आधारावर असावा व शिकंजाने आवळलेला असावा. कापून पडावयाचा तुकडा मोकळा खाली पडू द्यावा. मोठा पत्रा असेल तर चिरेच्या दोन्ही अंगांना, चिरेलगत आधार द्यावा. पात्याची खोली अशी ठेवावी की लाकडाच्या खाली एका दात्याहून अधिक भाग दिसू नये. पाते बोथट असल्यास काम थांबवून ते बदलावे, कारण बोथट पात्यावर माणूस जोर देतो आणि जोर दिलेली करवतच घसरते. उभे राहावे ते पात्याच्या रेषेत नव्हे, तर तिच्या एका बाजूस. दोन्ही हात दोन्ही मुठींवर असावेत. लाकूड एका हाताने वा पायाच्या पंजाने दाबून धरून दुसऱ्या हाताने कापणे हा गावोगाव दिसणारा प्रकार सर्वथा त्याज्य समजावा. करवत अडल्यास प्रथम खटका सोडावा, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि मगच ती बाहेर काढावी.

येथे आणखी एका प्रचलित रूढीचा उल्लेख केला पाहिजे. लादी कापण्याचे लहान यंत्र, ज्यास मार्बल कटर म्हणतात, त्यावर लाकडाचे दातेरी पाते चढवून फळ्या कापण्याची पद्धत सर्वत्र पसरली आहे. हे यंत्र स्वस्त आणि हलके असते. पण ते लादीसाठी घडविलेले असून त्यास आपोआप मिटणारे खालचे झाकण बहुधा नसते. त्याचा वेग तर मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. ११० मिलिमीटरच्या पात्याचा दाता या वेगाने ताशी सुमारे २५० किलोमीटर धावतो. पात्यावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असेल, तर पाते फुटण्याचेही भय असते. शाळेच्या आवारात अशा यंत्राने लाकूड कापू न देणे हेच श्रेयस्कर.

तार आणि वीज

विजेच्या करवतीत दोन धोके एकत्र नांदतात. एक पात्याचा, दुसरा विजेचा. आपल्या घरी व शाळेत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. ओल्या त्वचेच्या शरीराचा विरोध सुमारे १,००० ओहम धरला तर त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडविण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. पण तोच प्रवाह ६ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने नगण्य आहे, त्यामुळे फ्यूज उडत नाही. फ्यूज वा एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे, हा भेद शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी नावाचे उपकरण फळ्यावर असावे लागते. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत एवढी तफावत पडताच ते सेकंदाच्या अल्पांशात वीज तोडते. त्यावरील चाचणीचे बटण काम सुरू करण्यापूर्वी दाबून पाहावे. वीज गेली तर उपकरण ठीक आहे. मात्र एकाच वेळी दोन्ही तारांना स्पर्श झाल्यास हे उपकरणही उपयोगी पडत नाही, म्हणून सावधगिरीस पर्याय नाही.

तारेविषयी पुढील गोष्टी पाहाव्यात. तारेची टोके उघडी करून आगकाडीने खटक्यात खोचलेली असतील तर काम सुरूच होऊ देऊ नये. तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पिन जमिनीशी जोडणारी असते, ती मोडून टाकलेला प्लग वापरू नये. यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर त्या यंत्रास दुहेरी आवरण आहे व त्याला दोन पिनांचा प्लग चालतो, असे समजावे. १,४०० वॅटची करवत २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेते. म्हणून तिला लहान खटक्याऐवजी १६ अँपिअरचा खटका असावा. जोडतार दिव्याच्या बारीक वायरीची नसावी. तिच्यातील तांबे निदान दीड चौरस मिलिमीटर जाडीचे असावे. जोडतारेचे वेटोळे पूर्ण उलगडून ठेवावे, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते व आवरण वितळते. तारेचा सांधा चिकटपट्टीने गुंडाळलेला असल्यास ती तार बाजूस ठेवावी.

काम करताना तार नेहमी करवतीच्या मागे, चालविणाऱ्याच्या खांद्यावरून वा पाठीमागून असावी, म्हणजे ती पात्याखाली येत नाही. चुकून तार कापली गेलीच, तर करवतीस किंवा तारेस हात न लावता प्रथम मुख्य खटका बंद करावा. पावसात, ओल्या अंगणात वा अनवाणी पायांनी हे काम करू नये. पाते बदलताना, खोली बदलताना किंवा भुसा काढताना प्लग काढून तो सुताराच्या डोळ्यांसमोर ठेवावा. केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही, कारण गर्दीत तो खटका कोण दाबील याचा नेम नसतो.

वेष आणि श्वास

सैल बाह्या, उपरणे, पदर, ओढणी, गळ्यातील साखळी, हातातील कडे ही फिरत्या पात्यास ओढून घेण्यास सोपी जातात. ती काढून वा घट्ट खोचून ठेवावीत. सैल हातमोजेही याच कारणास्तव घालू नयेत. डोळ्यांवर चष्मा असावा, साधा नव्हे, तर कडेनेही झाकणारा. करवतीचा आवाज कानास अपाय करण्याइतका मोठा असतो, म्हणून कानांत बोळे घालावेत. लाकडाची धूळ निरुपद्रवी असते हा समजही सोडून द्यावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला आहे. तोंडावर मुखपट्टी असावी, काम उघड्यावर व्हावे आणि ते वाऱ्याच्या दिशेने वर्गांपासून दूर व्हावे.

शिक्षकाचे कर्तव्य

प्राथमिक शाळेतील कोणत्याही मुलाने विजेची करवत हाती घेऊ नये, या नियमास अपवाद नाही. बाल व किशोर कामगार कायद्याने, १९८६ च्या मूळ रूपात व २०१६ च्या दुरुस्तीनंतरही, लहानांना धोक्याच्या कामापासून दूर ठेवण्याचीच भूमिका घेतली आहे. शिक्षण म्हणून दाखविले जाणारे काम त्या भूमिकेच्या विरुद्ध जाता कामा नये. मुलांच्या हाती देण्याजोगी साधने आहेतच. लहान हातकरवत, गुण्या, पॉलिश कागद यांवर शिक्षकाच्या नजरेखाली त्यांनी काम करावे. विजेची करवत त्यांनी केवळ पाहावी, आणि तीही नियमाने.

सुतारकाम शाळेच्या सुटीच्या दिवशी ठरवावे, हे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर कामाच्या जागेभोवती निदान पाच-सहा मीटर अंतरावर चुन्याची रेघ ओढावी व मुलांनी तिच्या पलीकडे बसूनच पाहावे. करवतीच्या मागच्या व पुढच्या रेषेत कोणीही बसू नये. एक शिक्षक मुख्य खटक्याजवळ उभा राहावा. पाते फिरत असता सुतारास हाक मारू नये, प्रश्न विचारू नये, हे मुलांना आधी सांगावे. प्रश्न करवत ठेवल्यावर विचारावेत.

सुतारास हे सर्व सांगताना त्याच्या कसबाचा मान राखणे अवश्य आहे. तो तुकड्यावर मजुरी घेतो, उशीर झाला तर त्याचा दिवस बुडतो, आणि झाकण बांधून ठेवण्याची सवय त्याने याच घाईपोटी लावून घेतलेली असते. त्याला मुलांसमोर दोष देऊन उपयोग नाही. “मिस्त्री, मुले पाहत आहेत, तेवढे झाकण मोकळे सोडा” असे आर्जवाने म्हटले तर तो बहुधा ऐकतो. पुष्कळदा त्याचेच मूल त्या कड्यात बसलेले असते. आणि ज्याच्या हातावर घर चालते, त्याचे एक बोट गेले तर केवळ बोट जात नाही, घराचा एक घास जातो. त्याने मुलांसमोर झाकण सुटे ठेवून, प्लग काढून पाते बदलून दाखविले, तर तोच त्या दिवसाचा खरा शिक्षक ठरतो.

अपघात घडल्यास

सर्व काळजी घेऊनही प्रसंग ओढवलाच, तर घाबरून न जाता पुढीलप्रमाणे करावे. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावे आणि हात उंच धरावा. हळद, चहापूड, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नये. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि रुग्णासोबतच रुग्णालयात न्यावी. तुटलेले बोट थेट बर्फावर वा पाण्यात ठेवू नये, त्याने ते जोडण्यास निरुपयोगी होते.

विजेचा धक्का बसलेल्या माणसास वीज बंद केल्याखेरीज स्पर्श करू नये. खटका दूर असेल तर कोरड्या लाकडी काठीने तार बाजूस सारावी. माणूस निपचित असून श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत ते थांबवू नयेत. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

यंत्रे गावात आली आहेत आणि ती वाढतच जाणार. त्यांना विरोध करणे शहाणपणाचे नाही, आणि त्यांच्यापुढे निष्काळजी राहणे तर त्याहूनही नाही. यंत्र मोकळे कसे ठेवावे, झाकून कसे ठेवावे, कोणत्या क्षणी थांबावे, हे ज्याला कळते तोच त्याचा धनी होतो. आज रेघेपलीकडे बसून पाहणारा मुलगा दहा वर्षांनी स्वतः करवत हाती धरील. त्या वेळी त्याची बोटे झाकणाला पाचर मारण्यास धजू नयेत, यासाठी शिक्षकाला आज केवळ एक फूटपट्टी, एक चुन्याची रेघ आणि अर्धा तास पुरेसा आहे.